आधी न्हाणीघर, मग रॅम्प

"घरात व्हीलचेअर येणार आहे, रॅम्प करून द्या," असा निरोप आला की आम्ही पहिली चौकशी न्हाणीघराच्या दाराची करतो. समोरचा जरा गोंधळतो. त्याच्या डोळ्यांपुढे ओटल्याच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, तीन पायऱ्या असतात. पण साधा हिशेब आहे: घराबाहेर माणूस आठवड्यातून एकदोनदा जाईल, न्हाणी-संडासाकडे दिवसातून पाचसहा वेळा. रॅम्प नसेल त्या दिवशी शेजारची दोन पोरे येऊन खुर्ची उचलून खाली ठेवतात, हसतखेळत. संडासात मात्र कुणी उचलून न्यावे असे कुणालाच वाटत नाही.

इंदूरला रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत आम्ही काही जण हे काम करतो. आमच्यात बांधकामावर देखरेख केलेला एक ओव्हरसियर आहे, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक वेल्डर. घरे दोन तऱ्हांची लागतात: चुन्यातली जुनी, अरुंद तोंडाची आणि आत लांब गेलेली, नाहीतर अलीकडचे फ्लॅट. दोन्हीकडे पद्धत तीच ठेवावी लागते, आणि ती टेपपासून सुरू होते.

घराआधी खुर्ची मोजायची, आणि तीही माणूस बसलेला असताना. दुकानदार "अठरा इंची" म्हणतो ती बैठकीची रुंदी. बाहेरून, म्हणजे हाताने फिरवायच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत, हीच खुर्ची २५ ते २७ इंच भरते. माणूस स्वतः चाके फिरवणार असेल तर दोन्ही बाजूंना बोटांपुरती दीड-दोन इंच जागा हवी, नाहीतर चौकटीला घासून बोटांची सालटी निघतात. म्हणजे ३० इंच मोकळी वाट. कुणी मागून ढकलणार असेल तर २८ इंचांत भागते. लांबी पायटेकणीसकट साधारण ४२ इंच, आणि जागच्या जागी पूर्ण वळायला ५ फूट व्यासाचे वर्तुळ. हे वर्तुळ आम्ही खडूने फरशीवरच काढून दाखवतो. कागदावरच्या नकाशावर कुणी कपाट हलवायला तयार होत नाही. खडूच्या रेषेवर उभे असलेले कपाट मात्र घरचेच लोक न सांगता उचलायला लागतात.

दाराचे माप घेताना चौकटीच्या आतले अंतर लिहून घेतले की फसगत होते. पल्ला, म्हणजे दाराची फळी, काटकोनात उघडल्यावर त्याची जाडी वाटेत येते, शिवाय बऱ्याच दारांना आतून कडी-कोयंड्याचा उंचवटा असतो. पल्ल्याच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत जे उरते तेच खरे माप. जुन्या न्हाणीघराचे दोन फुटी दार असे मोजले की हातात साडेएकवीस-बावीस इंच येतात. एवढ्यात साधी व्हीलचेअर जात नाही, जाणारही नाही.

इथे बहुतेक मिस्त्री चौकट उखडायला निघतात. थांबवावे लागते. चौकटीच्या वरची तुळई किंवा लिंटेल किती लांब आहे, भिंत भार घेणारी आहे का, वरच्या मजल्यावर नेमके काय आहे, हे पाहिल्याशिवाय चुन्यातल्या भिंतीला हात लावू नये. त्याआधी स्वस्तातले उपाय बघायचे. पल्ला पूर्ण बाजूला नेणाऱ्या ऑफसेट बिजागऱ्यांनी पल्ल्याच्या जाडीएवढी, म्हणजे सव्वा इंच जागा मिळते. पल्लाच काढून बाहेरच्या भिंतीवर वरच्या चॅनलला टांगलेले सरकते दार बसवले तर आणखी थोडी. आणि पल्ला ठेवायचाच असेल तर तो बाहेर उघडणारा करून घ्यायचा, याबाबत आम्ही हटून बसतो. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्या अंगानेच दार अडते आणि बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही. कडीसुद्धा बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी लावावी.

एवढे करूनही तीस इंच, ढकलणारा असेल तर अठ्ठावीस, होत नसतील तर व्हीलचेअर न्हाणीत नेण्याचा नाद सोडायचा. चाकांची कमोड खुर्ची घ्यायची. ती बाहेरून २१-२२ इंच असते, मोठी चाके नसतात, चार लहान चाके असतात आणि बैठकीला मधे भोक. पलंगाजवळ तिच्यावर बसवायचे, ढकलत नेऊन थेट वेस्टर्न कमोडवर मागे सरकवायचे, आणि त्याच बैठकीवर आंघोळही उरकायची. एका बैठकीवरून दुसरीवर जाण्याच्या दोन बदल्या वाचतात, आणि पडण्याचे प्रसंग बदलीतच येतात. मात्र विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. कमोडची उंची सीट काढून मोजायची; ती १६ इंच असेल तर खुर्चीची खालची बाजू, भांडे अडकवायच्या पट्ट्या धरून, १७ इंचांच्या वर असली पाहिजे. मागचा आडवा पाइप फ्लशच्या टाकीला अडतो का ते बघायचे. अडला तर खुर्ची चार इंच पुढेच राहते आणि सगळा कार्यक्रम फरशीवर होतो. आणि ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना हवेत. दुकानात खुर्ची एकाला ब्रेक असलेली दाखवतात, कारण ती स्वस्त पडते.

उकिडव्या बैठकीचा संडास असेल तर गोष्ट अवघड होते. जुन्या घरांत ही बैठक खालच्या पाइपच्या वळणासाठी सहा-आठ इंच चढवलेली असते, म्हणजे संडासाच्या दारातच एक पायरी. तळमजला असेल तर पाइप खाली घेऊन जमीन सपाट करता येते. वरच्या मजल्यावर ते शक्य नसते. तिथे कमोड खुर्ची भांड्यासकट खोलीतच वापरावी, पडदा लावावा आणि घरातल्या एकाने भांडे नेऊन ओतावे. ऐकायला बरे वाटत नाही. पण चार महिन्यांनी परत गेलो तर हीच व्यवस्था टिकलेली दिसते, आणि पायरीवर फळी टाकून केलेली कसरत बंद पडलेली असते.

पाणी बाहेर येऊ नये म्हणून न्हाणीच्या दारात दीड-दोन इंचांचा कठडा असतो. तो काढला की पाणी खोलीत, ठेवला तर चाक अडते. उपाय म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला पूर्ण रुंदीची नाली आणि तिच्यावर जाळी. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या वाटेला आडव्या हव्यात आणि फटी अर्ध्या इंचापेक्षा लहान. पट्ट्या उभ्या बसवल्या तर पुढचे छोटे चाक फटीत उतरते आणि खुर्ची जागीच रुतते. फरशीचा उतार पाच फुटांत एक इंच पुरे. मिस्त्री "पाणी चांगलं निघेल" म्हणून दोन-अडीच इंच देतात, मग ओल्या फरशीवर कमोड खुर्ची आपली आपण कोपऱ्याकडे निघते.

बादली १६ ते १८ इंच उंच स्टुलावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. जेट, म्हणजे धुण्याचा हातफवारा, ज्या हातात ताकद आहे त्या बाजूला. आणि गिझर. मणक्याला मार लागलेल्या माणसाला पुष्कळदा पायांना गरम-थंड कळत नाही. पाणी पोळतेय हे त्याला त्वचा लाल झालेली दिसल्यावर समजते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि पाहायचे ते कोपराने. हे आम्ही न्हाणीच्या दारावर कागद चिकटवून लिहून येतो, कारण घरातली माणसे बदलतात, मदतनीस बदलतात.

आता धरायचे दांडे. सगळ्यांत जास्त पैसा इथे वाया जातो आणि सगळ्यांत जास्त धोकाही इथेच. टॉवेल टांगायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. ती टॉवेलच्या वजनाची असते, घसरलेला माणूस तिच्यावर साठ-सत्तर किलो एका झटक्यात टाकतो. दांडा स्टीलचा, दीड इंचाच्या आसपास जाड. भिंतीपासून दीड-दोन इंच अंतरावर, म्हणजे मूठ बसते पण कोपरापर्यंत हात आत जाऊन अडकत नाही. कमोडच्या बाजूला आडवा दांडा सीटच्या वर आठ इंचांवर.

पण दांड्यापेक्षा भिंत महत्त्वाची. आधी बोटाच्या पेराने टाइल वाजवून पाहायची. पोकळ आवाज आला तर मागे मसाला नाही, तिथे ड्रिल लावले की टाइल तडकते. मग एकच बारीक भोक पाडायचे, आणि खाली पडणारी भुकटी तळहातावर घ्यायची. लाल, कोरडी, शेवटपर्यंत एकसारखी आली आणि ड्रिलला सारखा जोर लागला तर विटेचा गाभा सापडला. पांढुरकी आली आणि ड्रिल मधेच भसकन आत गेले तर चुन्याचा सांधा. तपकिरी, बोटाला चिकटणारी असेल तर मातीतली चिणाई. तिथे कुठलाही फास्टनर लावू नये, तो आज घट्ट वाटतो आणि पावसाळ्यात सुटतो. फास्टनर आत गेल्यावर फुगून पकड घेतो, आणि कडेला असेल तर जुनी भाजकी वीटच फोडतो. भिंत साडेचार इंची असेल तर आम्ही आरपार बोल्ट घेतो आणि मागच्या बाजूला ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी देतो. ताण मग चार भोकांऐवजी सबंध पट्टीवर वाटला जातो. मागच्या खोलीत ती पट्टी दिसते, गृहिणी नाराज होते, तिच्यावर रंग मारून द्यायचा. जाड भिंतीत जाळीच्या नळीतून भरायचा रासायनिक अँकर, म्हणजे बोल्ट धरून ठेवणारा गोंद, चालतो, पण तो ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्यायला हवा आणि भोकातली धूळ फुंकून पूर्ण काढायला हवी. धूळ राहिली तर तो भिंतीला न चिकटता धुळीलाच चिकटतो. शेवटी आमच्यातल्या वजनदार माणसाने दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळायचे आणि दुसऱ्याने टाइलच्या कडेला केसाएवढी चीर उमटते का ते टॉर्चने बघायचे. ही परीक्षा झाल्याशिवाय घरच्यांना दांडा वापरू देत नाही.

भिंत कशालाच दाद देत नसेल तर जमिनीत बोल्ट केलेला स्टँड. दिसायला बेढब, पण खात्रीचा.

पलंगाचे गणित थोडक्यात. खुर्चीची बैठक गादीसकट २० इंचांच्या आसपास येते, दिवाण असतो १६ ते १८. वर चढणे खाली उतरण्यापेक्षा फार जड, म्हणून दोन्ही उंच्यांत एक इंचाहून जास्त फरक नको. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्यायचे, पण ठोकळ्याला वरून वाटीसारखा खड्डा हवा, नाहीतर पाय सरकतो. माप माणूस बसलेला असतानाच घ्यायचे, कापसाची गादी दोन-तीन इंच सहज दबते. खालून बंद असलेल्या पेटीच्या पलंगाजवळ पायटेकणी अडतात, खुर्ची तिरपी लावावी लागते. आणि खुर्चीचे हात निघणारे नसतील तर बाजूने सरकत जाणे जमतच नाही, माणसाला उचलावेच लागते. म्हणून खुर्ची घेताना चार-पाचशे रुपयांची बचत बघू नका, निघणारे हात आणि बाजूला वळणाऱ्या पायटेकणी बघा.

घरातला उंबरा काढायचा म्हटला की ज्येष्ठांच्या कपाळावर आठी येते. रांगोळी, लक्ष्मीची पावले, हळदीकुंकू, सगळे त्याच्यावरच. आम्ही वाद घालत नाही. पुढचे चाक आठ इंची असेल तर अर्धा इंच उंची विनासायास ओलांडते, एक इंचाला धक्का बसतो, दोन इंचांना चाक थांबते आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. दोन इंची उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी सोळा इंचांची लाकडी पाचर दिली की काम होते. एक गोम आहे: दार ज्या बाजूला उघडते तिकडची पाचर पल्ल्याच्या आड येते. त्या बाजूला पल्ला खालून तासून घ्यावा लागतो किंवा पाचर उचलून ठेवायची करावी लागते. पाचर बसवून झाली आणि दार लागेना, हा प्रकार सुताराकडून हमखास होतो.

आता ओटला. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा उतार १:१२ दिलेला आहे, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. ओटला दीड फुटाचा असला तर रॅम्प १८ फुटांचा. गल्लीच दहा-बारा फुटांची! मग लोक म्हणतात, थोडा उभा करू. ७० किलोचा माणूस आणि १५ किलोची खुर्ची १:१२ वर चढवायला सात किलोच्या आसपास जोर सतत लावावा लागतो. १:६ वर तो दुप्पट, आणि ढकलणारी बहुधा साठीतली बायको असते. १:८ पर्यंत, तेही छोट्या चढाला आणि धडधाकट माणूस मागे असेल तर आम्ही हो म्हणतो. उतरताना खुर्ची उलटी, म्हणजे बसलेल्याची पाठ उताराकडे आणि ढकलणारा खाली. सरळ उतरवली तर माणूस पुढे घरंगळतो.

रस्त्यावर पक्का रॅम्प बांधूच नये. तो नालीवर येतो, सफाईला अडथळा होतो, आणि रस्त्यात आलेले ओटले-रॅम्प अतिक्रमण म्हणून निघतात. दोन वाटा आहेत. ओटलाच कापून रॅम्प आपल्या हद्दीतून आत न्यायचा, घराच्या लांबीचा फायदा घेत. जुन्या घरांना तोंड अरुंद असले तरी आत बोळ असतो, तिथे उतार सहज मुरतो. नाहीतर उचलून ठेवायचा रॅम्प. ३ मिमीच्या लोखंडी चेकर प्लेटचा, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या पत्र्याचा, तीन फूट बाय सहा फुटांचा तुकडा नुसता ४२ किलोंच्या आसपास भरतो, सांगाडा वेगळा. तो एकट्याने उचलत नाही, म्हणून आठवड्याभरात रस्त्यावरच पडून राहतो. अॅल्युमिनियमचा तेवढाच तुकडा १५ किलोंच्या आत येतो. महाग आहे, पण वापरला जातो. सामान सियागंजच्या बाजारात मिळते, अॅल्युमिनियमचे वेल्डिंग मात्र ते जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावे. रॅम्पच्या वरच्या टोकाला ओठ वाकवून ओटल्यावर टेकवतात. तिथे साखळी किंवा पिन नसेल तर चाकाच्या धक्क्याने रॅम्प मागे सरकतो आणि माणूस ओटला नि रॅम्प यांच्या मधे अडकतो. दोन्ही कडांना तीन-चार इंचांची उभी पट्टी, चाक बाहेर जाऊ नये म्हणून.

पक्क्या रॅम्पवर पॉलिश केलेला कोटा किंवा चकचकीत टाइल नको. शेणाने सारवलेले अंगण परवडले, पावसात हा दगड त्याहून निसरडा होतो. खडबडीत कोटा, नाहीतर सिमेंटच ओले असताना त्यावर दोरीने आडव्या रेघा. सात दिवस पाणी मारायचे, त्याआधी खुर्ची चढवायची नाही. आणि वर, दारापुढे, पाच फूट सपाट जागा. ती नसेल तर माणूस एका हाताने कुलूप उघडणार कसा, दुसऱ्या हाताने चाक धरलेले असताना?

फ्लॅटमध्ये लिफ्ट असते, पण पार्किंगपासून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या. बिल्डरला विचारले तर तो खांबांकडे बोट दाखवतो. सोसायटीच्या सभेत "एका घरासाठी" हा शब्द उठतोच. तेव्हा गॅस सिलिंडरवाला, भाजीची पिशवी, नातवंडांची बाबागाडी यांची यादी वाचून दाखवली की मतदान सोपे जाते. लहान लिफ्टचे दार २८ इंचांच्या आसपास असते. पायटेकणी बाजूला वळवल्या की खुर्चीची लांबी आठ-नऊ इंच कमी होते, तेवढ्याने दार बंद होते. आत उलटे शिरायचे, म्हणजे बाहेर सरळ येता येते.

खुर्ची कुठून घ्यायची हे लोक शेवटी विचारतात, खरे तर आधी ठरवायला हवे. पहिले दोन-तीन महिने विकत घेऊच नये. रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन देणाऱ्या संस्था आणि मंडळे शहरात आहेत. वापरून पाहिल्यावर कळते की बैठक अठरा हवी की सोळा. मग दवा बाजारात जाऊन टेप हातात धरून घ्यावी. सरकारी मदतीतून घ्यायची तर आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात योजनांसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्के दिव्यांगत्व ही खालची मर्यादा आहे. कार्ड ४० च्या खाली पांढरे, ४० ते ८० पिवळे, ८० आणि वर निळे. अडते ते नावात. मध्यप्रदेशात समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा रहिवासी क्रमांक, हीही लागते, आणि तिथे हिंदीत नाव टाकताना काळ्यांचे काले, पळशीकरांचे पलशीकर होतात. आधार, समग्र आणि अर्ज तिन्हीकडे एकच शुद्धलेखन आधी करून घ्या, मग तपासणीची तारीख.

दिव्यांगांची साधने बनवणाऱ्या एलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरात दोन टप्पे असतात: आधी मोजमाप, वाटप नंतर कधीतरी. कंपनी कानपूरची, पण उज्जैनलाही तिचे उत्पादन केंद्र आहे. मोजमापाच्या दिवशी माणसाला घेऊनच जावे. नुसते कागद नेले तर सरसकट मापाची खुर्ची येते, आणि बारीक अंगाचा माणूस तिच्यात एका बाजूला कलून बसायला लागतो. पुढे पाठीला बाक येऊ शकतो.

बाहेर पडायचे तर छप्पन दुकान हा खाऊबाजार बरा, गाड्या नाहीत आणि जमीन सपाट आहे. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, रात्री उशिरा खुर्ची नेऊ नये, दुकाने लागत असतानाच जाऊन यावे. गणपतीत मंडपाची अडचण जाळी आणि पायऱ्या यांपेक्षा वायरींची असते: प्रवेशद्वारात जमिनीवर चारपाच वायरी टाकून वर गोणपाट पसरलेले असते, आणि पुढचे चाक नेमके त्या सुरकुतीत रुतते. मंडपवाल्याला आदल्या दिवशी सांगितले तर तो प्रवेशापुरत्या वायरी वरून बांधतो, त्याला त्यात काही कष्ट पडत नाहीत. कार्यक्रमात व्हीलचेअर सगळ्यांच्या पुढे नेऊन उभी करू नका, मागच्यांचे टोमणे ऐकावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेच्या कडेच्या दोन खुर्च्या आधीच काढून ठेवायच्या, आणि सोबत आलेल्याची खुर्ची त्याच रांगेत, शेजारी.